तीस किलोंचा लळा

पशुवैद्याच्या दवाखान्यात शिरलं की बाकड्यांच्या शेजारी, जमिनीलगत एक सपाट वजनकाटा दिसतो. डॉक्टरांनी हात लावण्याआधी प्रत्येकाला त्यावर उभं राहावं लागतं. शित्झू मालकिणीच्या कडेवरून थेट काट्यावर येतो: साडेपाच किलो, झालं काम. लॅब्रॅडॉरची वजनकाट्यावरची चढाई हा मात्र एक कार्यक्रम असतो. आधी बिस्कीट दाखवायचं, मग एकाने पुढून ओढायचं, दुसऱ्याने मागून ढकलायचं. चौथा पाय काट्यावर येईपर्यंत पहिला खाली उतरलेला असतो. शेवटी एकदाचा आकडा स्थिरावतो: 36. मदतनीस तो केसपेपरवर लिहितो आणि तिथून पुढे जंताची गोळी, इंजेक्शनचा डोस, सलाइनचा वेग, भुलीचं प्रमाण, सगळं त्या आकड्याला बांधलं जातं.

‘शहर आणि सोबत’ हे यंदाच्या अंकाचं सूत्र. त्या निमित्ताने दवाखाने, मैदानं आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये फिरताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. कुत्रं मोठं घ्यायचं की लहान, यावर घरोघरी खल होतो तो रूपावर, रुबाबावर आणि फ्लॅटच्या क्षेत्रफळावर. वजनाचा विषय निघतच नाही. पिल्लू घरी येतं तेव्हा ते कोणत्याही जातीचं असलं तरी एका हातात मावतं, आणि हातात मावणाऱ्या जिवाचं वजन कोण विचारणार?

टफी, पग आणि हस्की

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाच्या कुत्र्यांचा इतिहास कुणी लिहिला तर तो दोन रांगांत लिहावा लागेल. बंगल्याच्या फाटकामागे ‘अल्सेशियन’, म्हणजे जर्मन शेफर्ड, आणि ‘कुत्र्यापासून सावध रहा’ ही पाटी. चाळीत आणि ब्लॉकमध्ये पांढराशुभ्र ‘पामेरियन’. हा आपला पामेरियन खरं तर बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. 1994 च्या ‘हम आपके हैं कौन’मधला, क्रिकेटच्या मॅचमध्ये पंच झालेला टफी त्याच कुळातला. भारतीय हवामानात मुरलेली, काटक, स्वस्त आणि घरातल्या वरणभातावरही तग धरणारी ही जात एकेकाळी गल्लोगल्ली होती. आज ती मैदानावर शोधावी लागते.

तिची जागा घेतली ती 2003 च्या एका जाहिरातीने. हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग लहान मुलाच्या मागे मागे चालत राहिला आणि पुढची काही वर्षं ‘ते हचचं कुत्रं’ ही पिल्लांच्या बाजारातली नेहमीची मागणी झाली. त्यानंतर निळ्या डोळ्यांच्या सायबेरियन हस्कीची लाट आली. मोटारीत तोंड बाहेर काढून बसलेला हस्की आता पुण्यात आणि ठाण्यातच नव्हे, विदर्भाच्या उन्हातही दिसतो. तिथे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि हस्कीच्या अंगावर बर्फातल्या गाड्या ओढण्यासाठी घडलेला दुहेरी केसांचा कोट असतो. मग घरातली एक खोली आणि एक एसी त्याच्या नावावर होतो.

हे वेड फक्त आपल्याकडचं नाही. कुत्रं असलेल्या सिनेमांचा त्या त्या जातीच्या नोंदणीवर काय परिणाम होतो, याचा अमेरिकेतल्या आकडेवारीवर आधारलेला अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. गाजलेल्या सिनेमाचा परिणाम तब्बल दहा वर्षांपर्यंत टिकतो, असं त्यात दिसलं. जातीचं आरोग्य आणि आयुष्य यांचा तिच्या लोकप्रियतेशी फारसा संबंध लागत नाही, हेही अशाच अभ्यासांतून पुढे आलेलं आहे.

चौरस फुटांचा गैरसमज

“आमचं वन बीएचके आहे, म्हणजे लहानच जात घ्यायला हवी ना?” पिल्लू घेऊ पाहणाऱ्यांचा हा हमखास पहिला प्रश्न. उत्तर ‘तसं काही नाही’ असं आहे.

ग्रेट डेन घ्या. खांद्यापाशी अडीच फूट उंच, 60 किलोंच्या आसपास वजन. फ्लॅटमध्ये हा प्राणी करतो काय, तर झोपतो. सोफ्यावर झोपतो, सोफ्यावरून उठवलं की दारात झोपतो. सकाळ-संध्याकाळ नीट फिरवून आणलं की उरलेला दिवस तो गालिच्यासारखा पडून असतो. याउलट बीगल जेमतेम 10-12 किलोंचा, सशामागे कळपाने धावण्यासाठी घडवलेला. त्याचं नाक दिवसभर कामावर असतं आणि एकटा पडला की तो नुसता भुंकत नाही, लांब सूर काढून रडतो. तीन मजल्यांवर ऐकू जाणाऱ्या त्या सुरामुळे सोसायटीच्या तक्रारवहीत बीगलच्या मालकांची नावं वरचेवर आढळतात. जॅक रसेल टेरियर त्याहून लहान, आणि त्याला दमवता दमवता माणूस दमतो. कुत्र्याला किती जागा हवी हे त्याच्या लांबी-रुंदीवर नाही, तर त्याच्या पूर्वजांकडून कोणतं काम करून घेतलं गेलं यावर ठरतं.

घराकडे पाहायचंच असेल तर क्षेत्रफळ सोडून फरशी पाहावी. नव्या इमारतींतल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर वाढत्या लॅबचे किंवा जर्मन शेफर्डचे मागचे पाय फाकत जातात. खुब्याचा सांधा सैल असण्याची, म्हणजे हिप डिस्प्लेशियाची, प्रवृत्ती या जातींत आनुवंशिक आहेच. वजन आणि निसरडी जमीन तिला हात देतात. म्हणून जाणती माणसं पिल्लू येण्याआधी सतरंज्या, रबरी मॅट, जुनी जाजमं असं सगळं अंथरून ठेवतात. घराची शोभा जाते, खुबा वाचतो.

फरशीनंतर जिना. मुंबईत आणि पुण्यात तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारती अजून हजारोंनी आहेत. तिसऱ्या मजल्यावरचा लॅब सात-आठ वर्षं दिवसातून तीनदा उड्या मारत खाली-वर करतो. नवव्या-दहाव्या वर्षी एके दिवशी तो पहिल्या पायरीशी थांबतो. त्या दिवसापासून त्याला उचलायचं कोणी, हा घरातला रोजचा प्रश्न होतो. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला असतो, ज्याच्या हट्टासाठी पिल्लू आलं होतं तोच. घरात उरतात साठी उलटलेले आई-वडील आणि 34 किलोंचा म्हातारा कुत्रा. पोटाखालून ओढणी किंवा पंचा घालून मागचा भाग उचलून धरायचा आणि पुढच्या पायांवर त्याला उतरवायचं, ही युक्ती अशा घरांतून सगळ्यांना येते. दवाखान्यात न्यायचं तर आणखी एक अडचण: कडेवरच्या शित्झूला रिक्षावाला नाही म्हणत नाही, लॅब दिसला की अनेक रिक्षा वेग वाढवतात.

काट्यावरचं गणित

मोठं कुत्रं सहापट वजनाचं म्हणून सहापट खातं, असं नाही. प्राण्याला लागणारी ऊर्जा वजनाच्या सरळ पटीत वाढत नाही, थोडी मागे राहून वाढते. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने 1932 मध्ये हे सूत्र मांडलं. पशुवैद्य आजही त्याच सूत्राने हिशेब करतात. 5 किलोंच्या कुत्र्याच्या शरीराला नुसत्या विश्रांतीत साधारण 235 कॅलरी लागतात आणि 30 किलोंच्याला साधारण 900. वजन सहापट, पण भूक चारपटीच्या आतच. दर किलोमागे पाहिलं तर लहान कुत्रंच जास्त खादाड ठरतं. म्हणूनच लहान जातीच्या पिल्लाला दिवसातून चार-चारदा थोडं थोडं भरवावं लागतं. फार वेळ उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरून ते लटपटू लागतं, प्रसंगी बेशुद्ध पडतं.

औषधांच्या बाबतीत मात्र ही सवलत नाही. गोचीड-पिसवांसाठीच्या चघळायच्या गोळ्या वजनाच्या टप्प्यांनुसार मिळतात. टप्पा ओलांडला की मोठी गोळी, मोठी किंमत. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत गोचीडताप आपल्याकडच्या दवाखान्यांचा मोठा वेळ खातो, त्यामुळे ही गोळी चैन नव्हे. भूल, प्रतिजैविकं, सलाइन, शस्त्रक्रियेनंतरची पट्टी, सगळं किलोवर. ठेवायला बोर्डिंगमध्ये द्या किंवा आंघोळीला ग्रूमिंगमध्ये, दरपत्रकात ‘स्मॉल, मीडियम, लार्ज, जायंट’ असे रकाने असतातच. अपवाद केसांचा. रोज विंचरावा लागणारा शित्झू ग्रूमिंगच्या खर्चात आखूड केसांच्या डोबरमनला सहज मागे टाकतो.

लॅबबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण मोठं कुत्रं हवं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तोच असतो. त्याची भूक हा विनोदाचा विषय असला तरी तिच्यामागे जनुक आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की साधारण चारपैकी एका लॅबमध्ये ‘पीओएमसी’ या जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही. म्हणजे जेवणाच्या टेबलाशी बसून तो जो करुण चेहरा करतो, त्यात नाटक कमी आणि खरं दुःख जास्त असण्याची शक्यता आहे. तरीही पोळीचा तुकडा देऊ नये. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉरवर जन्मभर चाललेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला दुसऱ्या गटापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिलं होतं. सडसडीत राहिलेला गट सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगला आणि त्याचे सांधेही उशिरा दुखू लागले. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे फार झाली.

मोठे लवकर का जातात

हा या विषयातला सगळ्यात अवघड भाग, आणि पिल्लू विकणारा तो कधीच सांगत नाही. चिवावा 14-15 वर्षं सहज काढतो, ग्रेट डेनची आठ-नऊ झाली तरी पुष्कळ. सृष्टीत एरवी उलटा नियम आहे: उंदीर लवकर मरतो, हत्ती उशिरा. कुत्र्यांच्या एकाच प्रजातीच्या आत मात्र मोठ्यांचा हिशेब लवकर मिटतो.

2013 मध्ये ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने 74 जातींच्या सुमारे 56 हजार कुत्र्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. मोठ्या कुत्र्यांचं म्हातारपण लवकर सुरू होतं, याहीपेक्षा ते सुरू झाल्यावर वेगाने पुढे सरकतं, असं त्यातून दिसलं. ढोबळ हिशेब असा निघाला की दर 2 किलो वजनामागे अपेक्षित आयुष्य साधारण महिन्याने घटतं. 30 किलोंच्या लॅबला 6 किलोंच्या शित्झूशी तोललं तर वर्षभराचा फरक इथेच पडतो. अवाढव्य जातींत तो याहून कितीतरी जास्त दिसतो.

कारणांच्या मुळाशी वाढ आहे. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतः अर्ध्या किलोच्या आसपास असतं आणि दीड वर्षात शंभरपट होतं. या वाढीला चालना देणाऱ्या आयजीएफ-1 या संप्रेरकाच्या जनुकातच आकाराची एक मोठी किल्ली आहे, हे 2007 मध्ये समजलं. लहान जातींत या जनुकाचं जे रूप आढळतं ते माणसाने पैदाशीतून नव्याने घडवलं असावं, असा तोवरचा समज. पण 2022 मध्ये तेच रूप सैबेरियातल्या 54 हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या अवशेषांत सापडलं. लहानपण लांडग्यातच दडलेलं होतं, माणसाने ते फक्त निवडून काढलं. आता अमेरिकेतली एक कंपनी मोठ्या कुत्र्यांचं आयुष्य वाढवण्यासाठी याच संप्रेरकाला लगाम घालणारं इंजेक्शन तयार करते आहे आणि 2023 च्या नोव्हेंबरात तिथल्या औषध नियामकाने ‘परिणामकारक ठरण्याची वाजवी अपेक्षा’ एवढा पहिला शेरा दिला. औषधाच्या दुकानात जाऊन मागण्याजोगी ही गोष्ट अजून झालेली नाही.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांच्या मालकांना आणखी एक आजार माहीत असायलाच हवा. भरपेट जेवून लगेच धावपळ केल्यावर, कधी कधी विनाकारणही, पोटात वायू भरतो आणि जठर स्वतःभोवती पीळ घेतं. कुत्रं ओकारीचा प्रयत्न करतं, पण काही पडत नाही. पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगतं. इथे ‘सकाळी बघू’ चालत नाही. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रं जातं. त्यामुळे ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्ड घेणाऱ्याने गळ्यातल्या पट्ट्याआधी शोधून ठेवायचा तो रात्री उघडा असणारा, शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि जुलै 2024 पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं पाच मजली रुग्णालयही सुरू झालं. तालुक्याच्या गावी अशी सोय क्वचितच मिळते. तिथले सरकारी पशुवैद्य गायी-म्हशींत वाकबगार असतात, पण कुत्र्याच्या पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा ओलांडावा लागू शकतो.

छोट्यांची मोठी दुखणी

एवढं वाचून कुणी ‘ठरलं, लहानच’ म्हणून उठणार असेल तर जरा थांबावं.

लहान जबड्यात दात 42 च असतात. दाटीवाटीने उगवलेल्या त्या दातांवर कीट चढतं, हिरड्या सुजतात आणि पाच-सहा वर्षांच्या पामेरियनच्या तोंडाचा वास दिवाणखान्यात येऊ लागतो. रोज दात घासायचे असतात हे बहुतेकांना तेव्हा कळतं. गुडघ्याची वाटी सरकणं हे लहान जातींचं ठेवणीतलं दुखणं: चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन पावलं लंगडी घालायची, पुन्हा सरळ चालायचं. बघणाऱ्याला ती लाडिक चाल वाटते. पामेरियन आणि यॉर्कशायर टेरियरची श्वासनळी मऊ पडून बदकासारखा खोकला सुरू होतो, म्हणून यांना गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस हवा. डॅशहुंडाचं लांब अंग आणि आखूड पाय म्हणजे मणक्यातल्या चकत्यांना आमंत्रण. या जातीत पाठीचं दुखणं साधारण चार-पाचांतल्या एकाला गाठतं. त्याने सोफ्यावरून उडी मारू नये म्हणून घरात उतरती लाकडी फळी ठेवतात, आणि तो फळी सोडून उडीच मारतो.

पगची कथा आणखी वाईट. नाक आत, टाळू लांब, डोळे बाहेर. त्याचं घोरणं घरच्यांना गोड वाटतं, खरं तर तो श्वासासाठी झगडत असतो. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी 2022 मध्ये स्पष्टच लिहिलं की आरोग्याच्या दृष्टीने पगला यापुढे सामान्य कुत्रा म्हणता येणार नाही. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. ज्याला धापच नीट टाकता येत नाही त्याच्यासाठी एप्रिलमधलं दुपारचं नागपूर किंवा दमट ठाणे हे दोन्ही धोकादायक. जाहिरातीने दारोदार पोचलेली ही जात आपल्या हवेसाठी नव्हती, असा निकाल आता द्यायला हरकत नाही.

स्वभावाचं काय? 2008 च्या एका मोठ्या पाहणीत माणसांवर गुरगुरण्या-चावण्यात डॅशहुंड, चिवावा आणि जॅक रसेल हे छोटे वीर सगळ्यांत पुढे निघाले. यात दोष आकाराचा कमी, माणसांचा जास्त. लॅबने पाहुण्यांच्या अंगावर उडी मारली तर त्याला महिनाभरात शिकवणीला धाडलं जातं. पामेरियनने पोस्टमनची पँट धरली की घर हसतं आणि त्याचा व्हिडिओ निघतो. 2010 मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांना हेच दिसलं: लहान कुत्र्यांचे मालक शिस्तीत सातत्य ठेवत नाहीत, बरोबर खेळत-शिकवत कमी बसतात, आणि ही कुत्री अधिक चिडखोर, अधिक भित्री होतात. दिवाळीत हे नीट दिसतं. पहिली लड वाजली की लहान कुत्रं दिवाणाखाली शिरतं, त्याला लगेच उचलून कवटाळलं जातं. मोठं घाबरतं तेव्हा पट्टा तोडून पळतं. दोघांसाठी उपाय एकच, बंद खिडक्यांची आतली खोली, पंख्याचा आवाज आणि फिरणं संध्याकाळचे फटाके सुरू होण्याआधी.

लिफ्टमधला कायदा

“आमच्या सोसायटीत फक्त छोटी कुत्री चालतात.” असा ठराव सर्वसाधारण सभेत झाल्याचं अनेक चेअरमन अभिमानाने सांगतात. असा ठराव टिकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने फेब्रुवारी 2015 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना या बाबतीत स्वच्छ आहेत: सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमत असलं तरी नाही. लहान चालेल, मोठं नाही, असा आकारावरून भेदही करता येत नाही. लिफ्ट नाकारता येत नाही आणि तिच्या वापरासाठी जादा पैसेही घेता येत नाहीत. दुसऱ्या बाजूने महापालिकेचा परवाना, रेबीजची लस आणि सार्वजनिक जागेत केलेली घाण उचलणं ही मालकाची जबाबदारी. या शेवटच्या बाबतीत मराठी माणूस अजून मागे आहे. हातात पिशवी असलेला मालक मैदानावर दिसतो, पण विरळा. आणि इथेही वजनाचं गणित आहेच. ते अधिक सविस्तर सांगायला नको.

मोठ्या जातींवर सरकारची नजर अधूनमधून पडते. 12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह 23 ‘हिंस्र’ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्याचं पत्र राज्यांना धाडलं. संबंधितांशी पुरेशी चर्चा न करता काढलेलं ते पत्र कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच वर्षी 10 एप्रिलला रद्द केलं. नंतरही रॉटवायलरचे मालक त्याला पहाटे किंवा रात्री उशिरा फिरवतात, कारण लिफ्टचं दार उघडल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते त्यांनी पाहिलेलं असतं.

प्रवासात तर आकारच सगळं ठरवतो. रेल्वेत कुत्रं प्रवाशाबरोबर न्यायचं तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर हवं. नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत. सुट्टीत गावी निघालेल्या कुटुंबाला स्लीपर किंवा थ्री-टायरमध्ये लॅब नेता येत नाही, म्हणून मोटार असलेल्यांनीच मोठं कुत्रं पाळावं, असं अनुभवी मालक सांगतात. आकासा एअरने 2022 पासून विमानाच्या केबिनमध्ये पाळीव प्राणी घ्यायला सुरुवात केली तेव्हा मर्यादा पिंजऱ्यासह 7 किलो होती, पुढे ती 10 झाली. म्हणजे शित्झू पायाशी, लॅब सामानात. पुण्याहून अमेरिकेला बदली होणाऱ्या कुटुंबांची तऱ्हा आणखी वेगळी. ऑगस्ट 2024 पासून अमेरिकेत येणाऱ्या कुत्र्याला किमान सहा महिन्यांचं वय आणि मायक्रोचिप सक्तीची आहे, आणि भारत रेबीजच्या दृष्टीने अधिक जोखमीच्या देशांत मोडत असल्याने लसीकरणाच्या कागदांची वेगळी फाइल करावी लागते.

पंधरा ते पंचवीसच्या मधले

मोठं की लहान, या वादात मधली फळी कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि आपल्या मातीतली कुत्री नेमकी तिथेच आहेत. लातूर-सोलापूरपासून कर्नाटकच्या सीमेपर्यंत आढळणारा कारवान आणि घोरपडे संस्थानिकांच्या मुधोळमुळे प्रसिद्ध झालेला त्याचा भाऊबंद मुधोळ हाउंड उंचीला दोन फुटांपुढे भरतात, वजनाला मात्र 25 किलोंच्या आसपास. भारतीय टपाल खात्याने 2005 मध्ये देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली त्यांत मुधोळ होता. 2016 मध्ये लष्कराने त्याला मेरठला प्रशिक्षणासाठी नेलं. उन्हाला तो हटत नाही, केस आखूड, सांधे मजबूत. पण तो धावण्यासाठी जन्मलेला प्राणी आहे. मोकळं रान नसलेल्या शहरात केवळ देशाभिमानापोटी त्याला आणू नये. पटांगण किंवा शेत असेल तर त्याच्यासारखा नाही.

शहरासाठी उरतो तो गावठी, हल्लीच्या भाषेत ‘इंडी’. 15 ते 20 किलो, एकाने उचलता येईल असा, वर्षातून दोनदा केस गाळणारा, आपल्या उन्हापावसाला तयार. मुंबईतल्या ‘वर्ल्ड फॉर ऑल’सारख्या संस्थांच्या दत्तक मेळाव्यांत आणि पुण्यातल्या ‘रेस्क्यू’सारख्या संस्थांकडे अशी पिल्लं लसीकरणासह मिळतात. परक्या माणसाबद्दल तो जरा संशयी असतो, आपल्या जागेवर हक्क सांगतो. त्याला लहानपणीच माणसं, वाहनं, फटाके यांची ओळख करून द्यावी लागते. जात पाहून स्वभाव ठरवणाऱ्यांसाठी 2022 चा एक निष्कर्ष इथे सांगायला हवा. 18 हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेली उत्तरं आणि त्यांतल्या काही कुत्र्यांची जनुकं तपासून संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की एकेका कुत्र्याच्या वागण्यातला केवळ 9 टक्के फरक जातीने समजावता येतो. उरलेलं त्या त्या कुत्र्याचं आणि त्याच्या घराचं.

विकतच घ्यायचं असेल तर नियम 2017 चे आहेत आणि ते ग्राहकाच्या बाजूने आहेत. पैदास करणाऱ्याची राज्य जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कुत्री दीड वर्षाची होण्याआधी तिचं वेत घेता येत नाही, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं तर नाहीच. “आई इथे नाही, गावी आहे,” असं उत्तर मिळालं तर परत फिरावं. पिल्लू मोठं झाल्यावर केवढं होईल याचा खात्रीचा पुरावा त्याची आई हाच असतो. ‘टीकप’ किंवा ‘मिनी’ असं नाव लावून विकलेलं पिल्लू अनेकदा अशक्त वेतातलं नाहीतर चार आठवड्यांत आईपासून तोडलेलं असतं.

पिल्लू पाहायला जाण्याआधी वाण्याकडून 30 किलोंची तांदळाची गोणी आणावी आणि घरात जो माणूस दिवसभर असणार आहे त्याने ती एक मजला उतरवून पाहावी. उतरवता आली, घरात मोटार आहे, रात्रीचा दवाखाना तासाभरात गाठता येतो आणि दहा-बारा वर्षांनी निरोप देण्याची तयारी आहे, तर लॅब वन बीएचकेतही सुखात राहील. लिफ्ट नसलेल्या इमारतीत साठी उलटलेल्या जोडप्याने 15 किलोंच्या वर जाऊ नये. पग किंवा बसक्या नाकाची कोणतीही जात मात्र कुणीच नव्याने मागू नये. आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाऊस असो, पाहुणे असोत, पट्टा हातात घेऊन खाली उतरणारं माणूस घरात नसेल, तर शित्झूसुद्धा आणू नका.